पास्कल सियाकम : सतराव्या वर्षी खेळायला लागलेला माणूस

उंबरठा

परवा सोमवारी (२३ जून २०२५) पहाटे साडेपाचला चहा करून एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, फायनलची सातवी मॅच बघायला बसलो. ओक्लाहोमा सिटी थंडर जिंकले, इंडियाना पेसर्स हरले, १०३-९१. पहिल्याच क्वार्टरमध्ये पेसर्सचा मुख्य खेळाडू हॅलिबर्टन याचा अकिलीस टेंडन तुटला आणि मॅच तिथेच कलली. पण त्या मॅचचं रडगाणं गायला हा धागा नाही. मला लिहायचंय ते पेसर्सच्या ४३ नंबरबद्दल.

पास्कल सियाकम. जन्म २ एप्रिल १९९४, दुआला, कॅमेरून. सहा भावंडांत शेंडेफळ. वडील चामो हे माकेनेने या गावचे महापौर. घरात एक तरी मुलगा पाद्री व्हावा ही त्यांची इच्छा, आणि पाळी आली ती धाकट्यावर. अकराव्या वर्षी त्याला बाफियाच्या सेंट अँड्र्यूज सेमिनरीत घातलं. तिथे पहाटे उठणं, प्रार्थना, शाळा, कामं. खेळायचंच झालं तर फुटबॉल. थोरले तिघे भाऊ बास्केटबॉलवर शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेच्या कॉलेजांत पोचले होते. याला त्यात रस नव्हता.

२०११ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मित्रांबरोबर गंमत म्हणून तो एका बास्केटबॉल शिबिराला गेला. तिथून पुढच्या आठ वर्षांत हा माणूस एनबीए चॅम्पियन झाला. २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ईस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून लॅरी बर्ड ट्रॉफीही घेऊन गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. 'आता उशीर झाला' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. आठवीत क्लास लावला नाही तर आयआयटी गेली, दहाव्या वर्षी रॅकेट धरली नाही तर टेनिस गेलं. सियाकमकडे बघा आणि मग बोला. तुम्हाला काय वाटतं?

केशरआंबा

बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा आली. सेमिनरी म्हणजे पाद्री घडवतात ती शाळा ना? मग हा तिथून पळाला की काय?

उंबरठा

@केशरआंबा, पळाला नाही. पण पंधराएक वर्षांचा असताना त्याचं मनात पक्कं झालं होतं की आपल्याला पाद्री व्हायचं नाही. मग मुद्दाम उनाडक्या सुरू केल्या. पण वडिलांपुढे काही चाललं नाही, शिक्षण तिथेच पुरं केलं.

पॉपकॉर्नवाला

जागा धरून बसलोय. 'उशीर झाला' वाले आता येतीलच.

नागपाडा_बॉय

आलोच.

उंबरठा, लेख छान, पण गाडी चुकीच्या रुळावर चाललीय. मी बरीच वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवतो. दर मे महिन्यात एक तरी बाप येऊन सांगतो, 'सर, अमुक खेळाडूने सतराव्या वर्षी सुरुवात केली होती.' हे सांगताना सगळे एक गोष्ट सोयीस्कर गाळतात. सियाकम सहा फूट आठ इंच आहे. हात त्याहून लांब. तीन भाऊ अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या दर्जाचं बास्केटबॉल खेळलेले. म्हणजे रक्तात होतं, घरात होतं, फक्त याने मनावर घेतलं नव्हतं.

दुसरं, 'त्याला काहीच येत नव्हतं' असं हे बाप म्हणतात, तेही खरं नाही. लहानपणापासून फुटबॉल खेळलाय. त्याचे पाय बघा. डाव्या बाजूने ड्रिबल करत येतो, बचाव करणाऱ्याच्या छातीला खांदा टेकवतो, तो जरा मागे रेलला की त्याच पावलावर गर्रकन उलटा फिरतो, आणि समोरच्याला कळेपर्यंत दुसऱ्या हाताने बॉल बोर्डावर ठेवलेला असतो. एवढ्या उंच माणसाला ही गिरकी सतराव्या वर्षी शून्यातून शिकवता येत नाही हो. पायात आधीपासून असावी लागते.

बुटका_बैरागी

माझी उंची पाच फूट चार. म्हणजे माझं एनबीएचं करियर उशिराने नाही, आईवडिलांनी संपवलं.

केशरआंबा

@बुटका_बैरागी खिक्क!

मिसिसॉगाकर

या धाग्यावर मला बोलायलाच हवं.

टोरंटो रॅप्टर्सने २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायचा कार्यक्रम) सियाकमला २७ व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा इथल्या ऑफिसात 'हा कोण?' असंच सगळे विचारत होते. न्यू मेक्सिको स्टेट नावाच्या कॉलेजातून आलेला. तिथे दुसऱ्या वर्षी सरासरी २० गुण आणि ११ च्या वर रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) काढून त्यांच्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू झाला होता, पण ते सामने इकडे कोण बघतो? नशीब असं की सीझनच्या तोंडावर जॅरेड सलिंजर जखमी झाला आणि २६ ऑक्टोबर २०१६ ला, पहिल्याच सामन्यात, हा नवखा पोरगा थेट सुरुवातीच्या पाचांत उतरला.

पुढे जमेना. मग त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, टोरंटोशेजारच्या आमच्या मिसिसॉगाच्या रॅप्टर्स ९०५ संघात. तिकीट स्वस्त, त्यामुळे मुलाला घेऊन मी जायचो. हर्शी सेंटर अर्धं रिकामं असायचं. खेळाडूंच्या बुटांचा फरशीवर होणारा चिरचिर आवाज वरच्या रांगेपर्यंत ऐकू यायचा. सियाकमबद्दल लक्षात राहिलं ते पळणं. रिबाउंड दुसऱ्याच कुणी घेतला की हा तिथूनच सुटायचा, आणि बाकीचे अर्ध्या कोर्टापर्यंत येईतो रिंगखाली एकटा उभा. माझा मुलगा म्हणायचा, 'बाबा, हा दमत का नाही?' त्या वर्षी, २०१७ मध्ये, ९०५ ने डी-लीगचं, म्हणजे त्या खालच्या लीगचं, विजेतेपद मिळवलं आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू होता सियाकम. प्रशिक्षक जेरी स्टॅकहाउस.

आणि दोनच वर्षांनी, ३० मे २०१९, एनबीए फायनलची पहिली मॅच. समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स. बचावाला ड्रेमंड ग्रीन, म्हणजे त्या काळातला सगळ्यात खवट डिफेंडर. सियाकमने १७ पैकी १४ शॉट टाकले, ३२ गुण. मधे सलग ११ शॉट चुकलेच नाहीत! आम्ही स्टेडियमबाहेरच्या चौकात, ज्याला इथे ज्युरासिक पार्क म्हणतात, मोठ्या पडद्यापुढे उभे होतो. शेजारी सरदारजी, त्याच्या पलीकडे जमैकाचं कुटुंब, सगळे एकमेकांच्या गळ्यात. सहाव्या मॅचला शेवटचे २६ सेकंद उरलेले असताना ग्रीनवरून अलगद उंच मारलेला तो शॉटही (फ्लोटर) त्याचाच. तो पडला नसता तर काय झालं असतं देव जाणे.

@नागपाडा_बॉय, उंची तर त्या रिकाम्या हर्शी सेंटरमधल्या प्रत्येकाकडे होती. वर एवढ्या उंचीवर फार थोडे पोचले.

आकडेमोड

मिसिसॉगाकर, काय जबरदस्त प्रतिसाद!

आकडे मी देतो. सरासरी गुण: पहिल्या वर्षी ४.२, दुसऱ्या वर्षी ७.३, तिसऱ्या वर्षी १६.९, चौथ्या वर्षी २२.९. तिसऱ्या वर्षी 'मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेअर', चौथ्या वर्षी ऑल-स्टारमध्ये (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना) सुरुवातीच्या पाचांत. त्याहून बोलका आकडा तीन गुणांच्या शॉटचा आहे. २०१७-१८ मध्ये २२ टक्के. म्हणजे प्रतिस्पर्धी त्याला कोपऱ्यात मोकळा सोडून द्यायचे, मार बाबा. पुढच्याच वर्षी ३६.९. आणि यंदा, २०२४-२५ ला, ३८.९. हे पायातून आलेलं नाही, रक्तातूनही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकाच जागी उभं राहून शेकडो वेळा तोच शॉट मारत राहिल्याशिवाय हे होत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निक्सवर ५२ गुण काढले होते, तेही नमूद करून ठेवतो.

फिली_वहिनी

कॅमेरूनचा खेळाडू म्हटल्यावर धाग्यात एम्बीडचं नाव एवढ्या उशिरा? निषेध!

जोएल एम्बीड, याउंदे, १६ मार्च १९९४. सियाकमपेक्षा जेमतेम दोन आठवड्यांनी मोठा. हाही उशिराच लागला. वडील सैन्यात अधिकारी आणि हँडबॉलपटू, त्यांच्या मते पोराने फ्रान्सला जाऊन व्हॉलीबॉल खेळावं. पंधरा-सोळाव्या वर्षी बास्केटबॉल. आणि पोचला कुठे? २०१४ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाकडे, तिसरा. २०२३ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, सरासरी ३३.१ गुण. दोन वर्षं सलग सगळ्यात जास्त गुण काढणारा. २२ जानेवारी २०२४ ला सॅन अँटोनियोविरुद्ध एका रात्रीत ७० गुण, समोर त्यांचा उंचच उंच वेंबन्यामा. फिलाडेल्फियासाठी विल्ट चेंबरलेनचा ६८ गुणांचा विक्रम मोडला त्याने.

शिवाय गोष्टी सांगण्यात याचा हात कोण धरेल! कॅन्ससला कॉलेजात असताना बरोबरच्या पोरांना खुशाल सांगितलं की लहानपणी मी जंगलात जाऊन सिंह मारलाय. आफ्रिकेतून आलाय म्हणजे मारलाच असणार, असं वाटून काहींनी विश्वासही ठेवला.

पेठेतला_पेन्शनर

यात नवल ते काय? आमच्या चिरंजीवाला परदेशात 'तुम्ही हत्तीवरून शाळेत जायचात का' असं विचारलं होतं. त्याने 'हो, पण पार्किंगचा त्रास व्हायचा' असं सांगितलं.

मिसिसॉगाकर

वहिनी, एम्बीड मोठाच. पण एक मोजणी राहिली. ड्राफ्टनंतरची पहिली दोन्ही वर्षं पायाच्या हाडामुळे एकही सामना नाही. तिसऱ्या वर्षी ३१ सामने. यंदा १९. आणि दुसऱ्या फेरीपुढे आजवर कधीच नाही. सियाकम दोनदा फायनल खेळला, दोन वेगवेगळ्या संघांकडून.

१२ मे २०१९ ची आठवण काढू का? टोरंटो-फिलाडेल्फियाची सातवी मॅच, आमच्या कवाय लेनर्डचा तो शॉट, एम्बीडच्याच हातावरून. बॉल रिंगवर चार वेळा उडाला आणि आत. ९२-९०. ;-)

फिली_वहिनी

काढलीच ना शेवटी! त्या रात्री एम्बीड रडत आत गेला, आणि आमच्या घरात कुणी जेवलं नाही. आणि त्याच मालिकेत तिसऱ्या मॅचला तुमच्या साध्यासुध्या सियाकमने एम्बीडला पाय घालून पाडलं होतं, फ्लॅग्रंट फाउल (धोकादायक खेळाबद्दलचा) मिळाला होता, ते का नाही सांगत?

दुखापतींवरून बोलायचं तर २०२४ च्या प्लेऑफमध्ये अर्धा चेहरा बेल्स पाल्सीने लुळा पडलेला, एक डोळा नीट मिटत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि त्या अवस्थेत निक्सवर ५० गुण. शरीर साथ देत नाही हा त्याचा गुन्हा नाही.

मिसिसॉगाकर

पाय घातला होता, हे मान्य. आणि ५० गुणांच्या त्या मॅचला दंडवत. युद्धविराम?

फिली_वहिनी

तात्पुरता.

आकडेमोड

अवांतर: २६ ऑक्टोबर २०१६ ही तारीख मिसिसॉगाकरांनी वर दिलीय. त्याच रात्री, दोन वर्षं वाट बघून झाल्यावर, एम्बीडचाही एनबीएतला पहिला सामना होता, ओक्लाहोमाविरुद्ध, २२ मिनिटांत २० गुण. दोघांचं पदार्पण एकाच दिवशी.

पेठेतला_पेन्शनर

तुमचे एम्बीड-सियाकम राहू द्या. आमचा कॅमेरून म्हणजे १९९०. इटलीतला वर्ल्डकप, दूरदर्शन, सोसायटीत मोजक्याच घरी रंगीत टीव्ही. पहिल्याच सामन्यात मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला यांनी १-० ने लोळवलं. ओमाम बियिकचा हेडर, आणि शेवटी कॅमेरूनचे दोन खेळाडू बाहेर काढलेले, मैदानावर नऊच. मग तो रॉजर मिला. वय ३८, गोल मारायचा आणि कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन कंबर हलवायचा. आमच्या गल्लीतली पोरं क्रिकेटमध्ये विकेट पडल्यावरसुद्धा तसंच नाचायला लागली. उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडकडून हरले तेव्हा वडील म्हणाले होते, 'पेनल्ट्या देऊन सामना घालवला.' अजून त्यांचा राग गेलेला नाही.

आणि उशिरा येणाऱ्यांचा राजा तोच. ३८ व्या वर्षी जगाला कळला!

धागासंपादक_नाही_पण

चला, धागा फुटबॉलवर गेला. आता कुणीतरी ऑलिम्पिक काढा, मग नागरिकत्व, मग काश्मीर.

पॉपकॉर्नवाला

ऑलिम्पिक काढतो. एम्बीडने कॅमेरूनही नाही, फ्रान्सही नाही, अमेरिका निवडली. २०२२ मध्ये आधी फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं आणि दोन महिन्यांत अमेरिकेचंही. पॅरिसमध्ये प्रेक्षकांनी बॉल हातात आला की हुर्यो उडवली ती उगाच नाही.

सदा_सॅन_होजे

हुर्यो उडवणाऱ्यांना आणि अमेरिकेला हो म्हणणाऱ्या एम्बीडला, दोघांनाही मी समजू शकतो. त्याचा मुलगा अमेरिकेत जन्मलेला, काम तिथे, घर तिथे. आपल्यातल्या किती जणांनी काय ठेवलं आणि काय सोडलं ते आपल्याला ठाऊक आहे. सर्बियाविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये १९ गुण काढले त्याने, तेव्हा अमेरिका हरायच्या बेतात होती.

पण मला खरं लिहायचंय ते सियाकमच्या वडिलांबद्दल. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते कार अपघातात गेले. हा न्यू मेक्सिकोत, कॉलेजात पहिला सीझन सुरू व्हायचा होता. अंत्यसंस्काराला गेला नाही. गेला असता तर व्हिसाच्या भानगडीत परत येता आलं नसतं, म्हणून घरच्यांनीच येऊ नको सांगितलं. त्याआधीची दोनेक वर्षं वडिलांची भेट झालेली नव्हती. ज्या वडिलांनी पाद्री व्हायला पाठवलं होतं, त्यांना मुलाचा एनबीएतला एकही सामना बघायला मिळाला नाही.

इथे असलेल्यांपैकी ज्यांचा पासपोर्ट स्टँपिंगला अडकलेला असताना घरून फोन आलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. मी फोनवरून मंत्र ऐकले होते. भाऊ कॅमेरा धरून उभा होता, आणि इकडे रात्रीचे तीन वाजले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो, कारण घरी बसून करणार काय? सियाकमही त्या आठवड्यात प्रॅक्टिसला गेला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

केशरआंबा

सदा, वाचून गलबलून आलं.

उंबरठा

+१. सदा, धन्यवाद लिहिल्याबद्दल.

वाटाड्या

शांतपणे वाचत होतो. आता मूळ मुद्द्याकडे.

उंबरठा म्हणतात उशीर झाला तरी होतं. नागपाडा_बॉय म्हणतात उंची आणि पाय होते म्हणून झालं. आकडेमोड म्हणतात मेहनत. तिघंही ज्या शिबिरावरून घाईघाईने पुढे गेलात तिथेच सगळं आहे. उंबरठांच्या लेखात 'एका बास्केटबॉल शिबिराला गेला' एवढंच आलंय. ते शिबिर कुणाचं होतं?

लुक म्बाह आ मूते. याउंदेचा, १९८६ चा जन्म. वडील बिया मेसे गावचे प्रमुख, म्हणून अमेरिकन पत्रकार त्याला 'प्रिन्स' म्हणायचे. यूसीएलए या कॉलेजाकडून तीन वर्षं लागोपाठ फायनल फोर (कॉलेज स्पर्धेतले शेवटचे चार संघ) खेळला, २००८ ला ३७ व्या क्रमांकावर मिलवॉकीने घेतला, आणि बारा सीझन एनबीएत काढले. कधी ऑल-स्टार नाही. काम काय, तर समोरच्या संघाचा सगळ्यात चांगला खेळाडू अडवायचा. याने आपल्या गावात उन्हाळी शिबिर सुरू केलं. २०११ च्या त्याच शिबिरात एम्बीड आला आणि सियाकमही आला. एम्बीड तर पहिल्या दिवशी भीतीने गेलाच नाही म्हणे! एका उन्हाळ्यात, एका शहरात, एका माणसाच्या शिबिरात एक भावी एमव्हीपी आणि एक भावी चॅम्पियन.

आणि तो नुसतं शिबिर घेऊन थांबला नाही. एम्बीडला फ्लोरिडाच्या मॉन्टव्हर्ड शाळेत पोचवण्यामागे तोच, कारण तो स्वतः त्याच शाळेतून गेला होता. पुढे एम्बीड पाय मोडून बसला तेव्हा म्बाह आ मूते फिलाडेल्फियाकडूनच, त्याच्याच संघात खेळत होता. सियाकमला या शिबिरातून पुढे 'बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स' या एनबीएच्या आंतरराष्ट्रीय शिबिराचं दक्षिण आफ्रिकेतलं बोलावणं आलं, २०१२ मध्ये. तिथे जायचं मुख्य कारण काय होतं माहितीय? बहीण तिथे राहायची, तिला भेटता येईल म्हणून! तिथून टेक्ससच्या गॉड्स अकॅडमीत, तिथून न्यू मेक्सिको स्टेट.

म्हणजे बघा: गावात शिबिर, खंडात शिबिर, परदेशात शाळा, मग कॉलेजची शिष्यवृत्ती, मग मिसिसॉगाचं रिकामं स्टेडियम. यातली एक पायरी काढा आणि आज तो कुठे असता? कदाचित माकेनेनेत वडिलांचं काम बघत, रविवारी फुटबॉल खेळत. उशीर चालतो, पण शिडी लागते. आणि ही शिडी सरकारने नाही, त्याच मातीतल्या एका माणसाने वरून खाली सोडली.

आकडेमोड

वाटाड्या, एकदम सहमत. त्यात भर: कॅमेरूनचा ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू रुबेन बूमचे-बूमचे, २००१, पोर्टलंड, ५० वा. नंतर सात वर्षांनी म्बाह आ मूते. मग एम्बीड, सियाकम. २०२२ ला दुआलाचा क्रिस्टियन कोलोको, तोही टोरंटोकडेच. २०२४ ला ईव्ह मिसी पहिल्याच फेरीत. त्याच वर्षी उलरिक चोमचे, सेनेगलमधल्या एनबीए अकॅडमी आफ्रिकेतून थेट ड्राफ्ट झालेला पहिला मुलगा. आता त्यांची रांग लागलीय.

नागपाडा_बॉय

वाटाड्याभाऊ, आता आपण एका पानावर आलो. शिडीचं मी रोज बघतो. आमच्या नागपाड्यात गल्लीतल्या पोरांनी राज्याच्या, देशाच्या टीमपर्यंत मजल मारलीय, आणि मारलीय ती सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून. पुढे काय? रेल्वे, पोलीस, नाहीतर आयकर खात्यात खेळाडू कोट्यातून नोकरी. नोकरी लागली की घरचे म्हणतात, देव पावला. मी त्यांना दोष देत नाही. शिडीचं शेवटचं टोक सरकारी टेबलाशी येऊन टेकत असेल तर पोरगा त्या टेबलापर्यंतच चढणार.

पेठेतला_पेन्शनर

आणि दहावीला ग्रेस मार्क. ते राहिले.

नागपाडा_बॉय

हो काका, ते तर आहेच! दरवर्षी दहावीचं एखादं पोरगं फक्त सर्टिफिकेटपुरतं टीममध्ये घ्या म्हणून मागे लागतं.

पॉपकॉर्नवाला

भारतातून कुणी गेलंच नाही का मग?

वाटाड्या

सतनाम सिंग. पंजाबातल्या बल्लो के गावचा, लुधियानाच्या अकॅडमीत घडलेला, मग फ्लोरिडाच्या आयएमजीत. २०१५ ला डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला, भारतात जन्मलेला पहिला. एनबीएचा सामना खेळायला मिळाला नाही, पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. २०१७ पासून ग्रेटर नोएडात एनबीएची अकॅडमी होती. २०१९ च्या ऑक्टोबरात हेच पेसर्स वरळीच्या डोममध्ये सॅक्रॅमेंटोशी खेळून गेले, सियाकम तेव्हा त्यांच्यात नव्हता. वरून येणारं बरंच आलं. आतला माणूस, आपल्या गावात उन्हाळ्यात येऊन पोरांना हाताला धरून पुढे नेणारा, तो अजून यायचाय.

कोल्हापुरी_पांढरा

सियाकमचं एवढं गुणगान चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. २०२० चा बबल आठवा, कोविडमुळे सगळे संघ एकाच जागी ठेवून खेळवलेले सामने. बॉस्टनविरुद्धच्या सात सामन्यांत गडी पार हरवला होता. जेलन ब्राउन अंगावर आला की गिरकी बंद, शॉट बंद. टोरंटोवाल्यांनीच त्याला समाजमाध्यमांवर शिव्या घातल्या. लेनर्ड गेल्यावर संघाचा पहिला खेळाडू होणं त्याला पेललं नाही. तो उत्तम दुसरा खेळाडू आहे. बस.

मिसिसॉगाकर

कोल्हापुरीदादा, बबलचं खरं आहे. पण लॉकडाउनमध्ये महिनोन्महिने त्याला बॉललाच हात लावता आला नव्हता, हेही लक्षात घ्या. नंतर २०२२ ला पुन्हा ऑल-एनबीए संघात आलाच ना?

पण 'दुसरा खेळाडू' हे मला शिवीसारखं वाटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेसर्सने त्याच्यासाठी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे तीन पिक (निवडीचे हक्क) मोजले ते यासाठीच. हॅलिबर्टन बॉल चालवतो, हा मोकळ्या जागेत पळतो, जिथे कमी पडेल तिथे बचाव करतो. निक्सविरुद्ध दुसऱ्या मॅचला गार्डनमध्ये ३९, सहाव्या मॅचला ३१. मिसिसॉगात पळायचा तसाच अजून पळतोय, फक्त आता समोर कॅमेरे आहेत.

कोल्हापुरी_पांढरा

ते ३९ बघितले होते. थोडं मीठ परत घेतो. चिमूटभरच.

केशरआंबा

मला एक विचारायचंय. माझी भाची अकरावीत आहे, पाच फूट दहा. कॉलेजात पहिल्यांदा बास्केटबॉल खेळायला लागलीय आणि वेडी झालीय. तिचे बाबा म्हणतात आता काय उपयोग. मी तिला हा धागा वाचायला देऊ की नको?

नागपाडा_बॉय

ताई, पाच फूट दहा म्हणालात ना? धागा नंतर द्या, आधी तिला कोर्टवर पाठवा! एनबीएचं स्वप्न दाखवू नका, विद्यापीठाच्या टीमचं दाखवा. रोज दोन्ही हातांनी लेअप, आधी डाव्याने. बचावात पाय वाकवून सरकायला शिकवा. शॉट वगैरे सहा महिन्यांनी. आणि बाबांना सांगा, उपयोग मोजायचाच असेल तर तिची झोप आणि भूक बघा.

उंबरठा

@केशरआंबा, नक्की द्या. वाटाड्यांचा शिडीचा मुद्दा पटला, पण शिडी असूनसुद्धा 'आता काय उपयोग' म्हणून खालीच बसणारे मी घरोघरी बघतो. शिबिराच्या दिवशी सियाकम दारापर्यंत तरी गेला. माझं म्हणणं तेवढ्यापुरतं मी सोडणार नाही.

वाटाड्या

सोडू नका. पण दार होतं म्हणून गेला. :-)

आकडेमोड

पुढचा सीझन हॅलिबर्टनशिवाय काढायचा आहे असं दिसतंय. सियाकम ३१ वर्षांचा, आता पहिला खेळाडू तोच. पेसर्स किती सामने जिंकतील? माझा अंदाज, चाळीस नाही गाठत.

कोल्हापुरी_पांढरा

पस्तीससुद्धा नाही. हेच तर सांगत होतो.

मिसिसॉगाकर

सामन्यांची पैज नको, सियाकमची लावा. सरासरी बाविसाच्या वर. हरलो तर कोल्हापुरीदादांना तांबडा-पांढरा माझ्याकडून.

कोल्हापुरी_पांढरा

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.